दोन इंच माया

मी बॅटरी बोलतेय. थांबा, लाइट गेल्यावर तुम्ही उशाखाली चाचपता ती नव्हे. तो टॉर्च. आमचं नाव लावून उगाच मिरवतो. मी गाडीची बॅटरी. बारा व्होल्ट, पासष्ट अँपिअर, वजन सोळा-सतरा किलो. लांबी सव्वादहा इंच, रुंदी पावणेसात. आपलं माप चारचौघांत सांगू नये म्हणतात, पण माझी सगळी हकिकतच मापाची आहे. तेव्हा लाजून भागणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काळ्या पेटीत सहा कप्पे, प्रत्येक कप्प्यात शिशाच्या प्लेटा उभ्या आणि त्यांच्यावर ओतलेलं आम्लाचं पाणी. एवढाच आमचा जीव. तिथे आम्ही शेकडो बहिणी होतो. लांबून सगळ्या सारख्याच दिसायचो, पण प्रत्येकीच्या अंगावर आपला आपला नंबर छापलेला होता. कोणती किती लांब, किती ताकदीची, कोणाचा प्लस कोणत्या हाताला, सगळं त्या नंबरात लिहिलेलं असतं. तो वाचायचे कष्ट माणसं घेत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

तिथून मी घाटंजीला जफरभाईंच्या दुकानात आले. जफरभाई म्हणजे सडसडीत, पांढऱ्या दाढीचा माणूस. बॅटरी विकायची, बसवायची आणि बसवताना गिऱ्हाइकाला चार शब्द ऐकवायचे, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. कारच्या बॅटऱ्यांमध्ये मीच सगळ्यांत मोठी, म्हणून मला खालच्या फळीवर दर्शनी ठेवलं होतं. खरं सांगते, मला त्याचा जरा माज होता. वरच्या फळीवरच्या पस्तीस अँपिअरवाल्या चिमुकल्यांकडे मी मान वर करूनही बघत नसे.

बाजाराच्या दिवशी दुकानात मोठी मजा असायची. एकजण यायचा, दोन बॅटऱ्या दोन हातांत उचलून बघायचा आणि टरबूज घ्यावं तशी जड असेल ती घ्यायचा. दुसरा म्हणायचा, "मोठी द्या जफरभाई, हॉर्न कसा दणकून वाजला पाह्यजे." तिसऱ्याला शेजाऱ्याकडे आहे तीच हवी असायची. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणि याची कार, तरी तीच! जफरभाई सगळ्यांना एकच वाक्य ऐकवायचे.

"बॅटरी गाडीच्या मापाची पाह्यजे, मालकाच्या मापाची नाई."

लोक हसायचे आणि पुन्हा मोठीकडेच बोट दाखवायचे. मला ते आवडायचं.

जूनचा पहिला आठवडा होता. मंगळवारी दुपारी नलूताई दुकानात आल्या. श्रावण टेलरची बायको. श्रावणभाऊंना घाटंजीत कोण ओळखत नाही? आजूबाजूच्या वीस गावांतल्या शाळांचे गणवेश तेच शिवतात. त्यांच्या हातचा गणवेश पोरगं तिसऱ्या वर्षीही घालतं, कारण ते शिवणीत भरपूर माया ठेवतात. माया म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड. पोरगं वाढलं की टीप उसवायची आणि माया सोडायची. कपडा पुन्हा अंगाबरोबर.

गणवेशाचे गठ्ठे गावोगाव न्यायला त्यांच्याकडे एक जुनी पांढरी छोटी गाडी होती, पेट्रोलवर चालणारी, मागचं सीट काढून टाकलेली. पण मशीन मारून मारून श्रावणभाऊंचा गुडघा गेला आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. गाडी अंगणात उभी राहिली. तांड्यावरचा प्रेमसिंग दर बाजाराला विचारायचा, "श्रावणभाऊ, गाडी इकता का? माह्या जावयाले पाह्यजे." श्रावणभाऊ हो म्हणण्याच्या बेतात होते. तेवढ्यात नलूताई म्हणाल्या, "मी शिकतो." आमच्या वऱ्हाडात बाईसुद्धा 'मी शिकतो' असंच म्हणते, आणि नलूताईंनी तर ते अगदी ठासून म्हटलं होतं.

शिकल्याही त्या. पण यवतमाळला लायसनच्या परीक्षेत चढावावर गाडी बंद पडली. जुनी बॅटरी नुसतीच कण्हली, सेल्फ काही फिरेना. चार माणसांनी धक्का मारून गाडी मैदानाबाहेर काढली. नापास. वर कंपाउंडला टेकलेल्या बघ्यांपैकी कोणीतरी म्हणालं, "बाईच्या हातात गाडी देल्ली का असंच होते." खोट बॅटरीची आणि नाव बाईचं!

हे सगळं मी नलूताईंच्याच तोंडून ऐकलं. त्या जफरभाईंना सांगत होत्या, "उद्या सकाळी पुन्हा परीक्षा हाय भाऊ. ह्या खेपेलेही नाई झालं तं गाडी प्रेमसिंगले द्यायची, असं ठरलं आमचं. मीच कबूल केलं. म्हणून चांगली बॅटरी द्या."

"जुनी आणली का संगं?"

"नाई जी. मले उचलत नाई ते."

"तिच्यावरचा नंबर?"

"कागद कवाच निघून गेला."

जफरभाईंनी कपाळाला हात लावला. "तुमच्या गाडीचा बॅटरीचा ट्रे मागल्या मालकानं कापून दुसराच वेल्डिंग केलता. कंपनीचा हिशोब तिथं चालत नाई. माप आणलं का तरी?"

नलूताईंनी पिशवीतून चिठ्ठी काढली. श्रावणभाऊंचं सुबक अक्षर. लांबी सव्वादहा, रुंदी सात.

"एवढा मोठा ट्रे?"

"यायनं सोता टेप लावून घेतलं माप."

"मग झालं तं! टेलरचं माप कायले चुकते?" असं म्हणून जफरभाईंनी मला उचललं. माझा ऊर भरून आला. चिमुकल्या वरून बघत होत्या. मी त्यांना नजरेनंच सांगितलं, बघा, अडलं की माणसं मोठीलाच विचारतात.

जफरभाईंनी मला स्कूटरवर पायांजवळ ठेवलं आणि आम्ही नलूताईंच्या अंगणात गेलो. श्रावणभाऊ काठी टेकत बाहेर आले. "जय भीम जफरभाई, या." बोनेट उघडलं. जफरभाईंनी मला उचलून ट्रेवर टेकवलं आणि तसंच वर धरून उभे राहिले.

मी बसतच नव्हते. एक कोपरा पाण्याच्या बाटलीवर चढला होता, दुसरा हवेत. दाबून बघितलं, तिरकी करून बघितलं. बोनेट खाली आणलं तर ते माझ्या प्लसच्या अगदी जवळ येऊन थांबलं.

जफरभाईंनी मला खाली ठेवलं. चिठ्ठी मागितली, टेप मागितला आणि ट्रे स्वतः मोजला. आठ बाय सव्वापाच.

"श्रावणभाऊ, हे सव्वादहा कुठून काढलं बावा?"

श्रावणभाऊ चष्मा पुसायला लागले. "आठच भरलं होतं. पण मापात माया नको का? सव्वादोन इंच लांबीत ठेवली, पावणेदोन रुंदीत."

"माया? बॅटरीले?"

"चाळीस वर्षांची सवय हाय भाऊ. माप लिहिलं का हात आपोआप माया धरते. तंग झालं तं गिऱ्हाईक शिव्या देते."

नलूताईंना आधी हसू आवरेना. "अहो, पोट्टे वाढतेत म्हून गणवेशाले माया. बॅटरी काय पुढच्या वर्षी वाढून राह्यली का?"

जफरभाई तर हसता हसता स्कूटरला टेकले. श्रावणभाऊ मात्र हसले नाहीत. "हसू नका. बोनेट सुतळीनं बांधून टाकू. मोठी हाय तं मोठीच बरी."

आता नलूताईंचं हसू गेलं. त्या माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांपुढे तो चढाव दिसत असावा. सुतळीनं बांधलेलं बोनेट घेऊन परीक्षेला जायचं म्हणजे आधीच हसं.

"सुतळी नाई चालत भाऊ," जफरभाई म्हणाले. "जी बॅटरी ट्रेमध्ये गच्च बसत नाई, ती रस्त्यानं हलते. हलली का आतल्या प्लेटा सुटतेत. अन् प्लसले बोनेटचा पत्रा टेकला तं ठिणगी उडन. बाईले परीक्षेले पाठवता का आगीत?"

मला फार लागलं. मी कोणाला जाळायला निघाले नव्हते. माझ्यात ताकद कमी नव्हती, प्लेटा खणखणीत होत्या. दोष एवढाच, की त्या जागेत मी मावत नव्हते. पण नुसतं चांगलं असून भागत नाही, हे मला त्या अंगणात पहिल्यांदा कळलं.

जायच्या आधी जफरभाईंनी विचारलं, "आता हेही पाहून घेतो. प्लस कोन्या हाताले?"

"उजव्या," श्रावणभाऊ गाडीत बसून म्हणाले.

"डेबऱ्या," नलूताई बोनेटसमोरून म्हणाल्या. डेबरा म्हणजे डावा. नवरा-बायकोत तिथेच जुंपली. दोघांचंही आपापल्या जागेवरून बरोबर होतं.

"सोताकडून नका पाहू, बॅटरीकडून पाहा," जफरभाई म्हणाले. "प्लस-मायनस आपल्या जवळ येतीन अशा बाजूनं उभे राहा अन् मंग सांगा. बाजू चुकली तं वायर पुरत नाई. मंग लोक वायर ताणतेत नाई तं जोड लावतेत." त्यांनी स्वतः उभं राहून बघितलं, माप तळहातावर लिहून घेतलं आणि अर्ध्या तासात परत आले.

हातात वरच्या फळीवरची एक चिमुकली होती. पस्तीस अँपिअर, माझ्या जवळपास निम्म्या वजनाची. आधी त्यांनी तिचं चार्जिंग मोजलं. बरेच महिने फळीवर पडून राहिलेली बॅटरी थकलेली असते, पण ही नवी होती. मग तिला ट्रेमध्ये ठेवलं. वरून पट्टी आवळली आणि गदागदा हलवून बघितलं. जरासुद्धा हलली नाही. दोन्ही वायरी आरामात पोचल्या. नलूताईंनी किल्ली फिरवली आणि इंजिन एका दमात सुरू झालं.

मी अंगणात पाण्याच्या टाकीशेजारी बसून हे बघत होते. तुम्हाला वाटेल मी जळले असेन. हो, जळले. खोटं कशाला बोलू?

पण माझ्याहून जास्त बेचैन श्रावणभाऊ होते. "एवढूशी? चढावावर टिकंल का हे?"

"गाडीले जेवढी लागते तेवढी हाय ते," जफरभाई म्हणाले आणि मला उचलायला वाकले.

"ते मोठी राहू दे एक दिवस. डिक्कीत ठेवून नेतो. अन् लागली तं दोन बॅटऱ्या जोडाची वायर दे."

"डिक्कीतही माया?"

"व्हय, डिक्कीतही," श्रावणभाऊ म्हणाले. मग आवाज उतरला. "मागल्या खेपेले गाडी बंद पडली, तवा मी कंपाउंडच्या बाहेर उभा होतो जफर. ते आतमंदी एकटी अन् लोक हसून राह्यले. मले काईच करता नाई आलं."

सायकलच्या ट्यूबचे दोन तुकडे कापून जफरभाईंनी माझ्या प्लस-मायनसवर घट्ट बसवले, वायरीची गुंडाळी शेजारी ठेवली आणि म्हणाले, "उद्या संध्याकाळी आणून द्या."

बुधवारी सकाळी आम्ही निघालो. पुढे बोनेटखाली चिमुकली आणि मागे गणवेशाच्या दोन गठ्ठ्यांमध्ये मी. नलूताई चालवत होत्या. शेजारी श्रावणभाऊ, कारण शिकाऊ माणसाशेजारी लायसनवाला लागतो. दर वळणावर ते चांगला पाय खाली दाबायचे.

"तुमच्या पायाखाली ब्रेक नाई," नलूताई म्हणाल्या.

"मले ठाऊक हाय."

"मंग कायले दाबता?"

"बरं वाटते."

यवतमाळपर्यंत हेच चाललं.

परीक्षेच्या मैदानावर श्रावणभाऊंना बाहेर उतरावं लागलं. त्यांच्या जागी परीक्षा घेणाऱ्या मॅडम येऊन बसल्या. आधी आठाचा आकडा झाला. तो नलूताईंनी सुरेख काढला. मी गठ्ठ्यांमध्ये या बाजूनं त्या बाजूला कलंडत होते, तेवढ्यावरून मला समजत होतं. मग गाडीचं तोंड वर झालं. चढाव.

"थांबवा इथे," मॅडम म्हणाल्या. नलूताईंनी थांबवली, हँडब्रेक ओढला.

"आता चला पुढे."

क्लच जरा लवकर सुटला. गाडीनं एक आचका दिला आणि इंजिन बंद पडलं.

नलूताईंचा श्वास मला मागे ऐकू येत होता. माझ्या मनात नाही नाही ते आलं. माझ्याच वजनानं तर बंद पडली नसेल? मी ओरडत होते, मला जोडा, मी आहे ना! पण ट्यूबचे तुकडे लावलेली बॅटरी ओरडून कोणाला ऐकू जाणार? ओरडले ते श्रावणभाऊ. कंपाउंडबाहेरून, मैदानभर ऐकू जाईल असे.

"नलू! मोठी डिक्कीत हाय! डिक्कीत हाय मोठी!"

शिपाई त्यांना गप्प करायला धावला. नलूताईंनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. गिअर काढला, किल्ली फिरवली. चिमुकलीनं एकदाच झटका दिला आणि इंजिन धडधडू लागलं. गाडी तसूभरही मागे न सरकता वर चढली आणि पलीकडे उतरली.

खाली आल्यावर मॅडमनी विचारलं, "डिक्कीत काय आहे हो?"

नलूताई म्हणाल्या, "काही नाही मॅडम. आमच्या ह्यांची माया हाय."

मॅडमना काय समजलं कोण जाणे, पण त्या हसल्या. "इंजिन कोणाचंही बंद पडतं. तुमची गाडी मागे गेली नाही, तुम्ही घाबरल्या नाहीत. पास आहात."

आणि मी? मी डिक्कीत नुसती पडून होते. माझा कोणाला काडीचा उपयोग झाला नाही. तरी इतका आनंद मला आजवर कधी झालेला नाही. त्या दिवसापासून मी वरच्या फळीवरच्यांना चिमुकल्या म्हणणं सोडलं.

कंपाउंडबाहेर श्रावणभाऊ डोळे पुसत उभे होते. गाडी जवळ आली तसे म्हणाले, "धूळ लय हाय इथं." मग काठी आत टाकून शेजारी बसले. परतीच्या वाटेवर त्यांनी पाय एकदाच दाबला, तोही समोर बैलगाडी आली म्हणून.

संध्याकाळी नलूताईंनी मला जफरभाईंना परत दिलं. पंधरा दिवसांनी दुकानात कोण यावं? प्रेमसिंगच! त्याच्या डिझेल जीपची बॅटरी गेली होती. जफरभाईंनी आधी जुनी काढून आणायला लावली. मग तिचा नंबर वाचला, प्लसची बाजू बघितली, उंचीही मोजली आणि मला घेतलं. जीपच्या ट्रेमध्ये मी बसले ती अशी, की जणू तो माझ्यासाठीच केला होता. डिझेल इंजिन पहाटेच्या थंडीत फिरवायला माझ्यासारखीच लागते. पट्टी आवळली गेली तेव्हा मला मेलीला रडू आलं.

आता या गोष्टीला दोन वर्षं होत आली. वणीच्या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांमागून धूळ खात जाते, लग्नाची वऱ्हाडं नेते, बाजार करते. माझ्या टोकांवर पांढरी भुकटी धरते. प्रेमसिंग ती गरम पाण्यानं धुतो आणि वर ग्रीस लावतो. माणूस तसा मायाळू आहे, फक्त जीप बंद ठेवून तासतासभर गाणी वाजवतो, तेवढी खोड आहे. अजून दोनेक वर्षं मी सहज काढीन.

तुमच्या गाडीची बॅटरी जाईल तेव्हा माझं एवढं ऐका. जुनीला सोबत घेऊन दुकानात जा. जड लागते म्हणून घरी ठेवू नका. मोठी मागू नका आणि दोन पैसे वाचतात म्हणून कमी ताकदीचीही उचलू नका. आणि जुनीला नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. तिच्या पोटातलं आम्ल जमीन नासवतं, पण तिच्या शिशाची नवी बॅटरी होते. आम्हालाही पुन्हा जन्म असतो, तो तुमच्या हातात आहे.

एवढं बोलले तर परवाच्या बाजारातलं सांगते आणि निघते. प्रेमसिंगनं जीप उभी केली ती नेमकी त्या पांढऱ्या गाडीशेजारी. श्रावणभाऊ सतरंजीवर गणवेश मांडत होते. नलूताई गाडीत बसून बिलं फाडत होत्या. प्रेमसिंगनं सवयीनं विचारलं, "काहून श्रावणभाऊ, जावई अजून आस लावून बसला हाय. देता का गाडी?"

श्रावणभाऊंनी मान वर केली नाही. "माही हाय का गाडी मी द्यायले? तिले इचारा."

प्रेमसिंग खिडकीशी गेला. नलूताईंनी सगळं ऐकलंच होतं. त्या म्हणाल्या, "गाडी इकाची नाई प्रेमसिंगभाऊ. पण तुमच्या जावयाले चालवता येते का?"

"नाई ना. थेच तं शिकाची हाय त्याले."

"मंग बुधवारी पाठवून द्या. मी शिकवतो."

प्रेमसिंग मिशीवरून हात फिरवत उभा राहिला. मग येऊन जीपमध्ये बसला.

बुधवारी सकाळी जावई गेला शिकायला. त्याला नलूताईंच्या दारापर्यंत मीच नेऊन सोडलं.